दार लिंपणारा

गिल्गमेश या बॅबिलोनी महाकाव्याच्या अकराव्या मातीच्या पाटीत, पूर सुरू व्हायच्या अगदी तोंडाशी, दोन ओळी आहेत. पहिलीत पुरातून वाचलेला उतनपिश्तिम सांगतो की मी नौकेत शिरलो आणि माझं दार बंद करून घेतलं. दुसरीत तो म्हणतो, नौका लिंपून बंद करणाऱ्या पुझुर-अमुर्री नावाड्याला मी माझा राजवाडा देऊन टाकला, आतल्या चीजवस्तूंसकट. एवढंच. पुढच्या ओळीत झुंजूमुंजू होतं, क्षितिजावरून काळा ढग वर चढतो, ढगाच्या पोटात वादळाचा देव अदाद गुरगुरतो, आणि पुझुर-अमुर्री पुन्हा कुठेही भेटत नाही. सहा दिवस आणि सात रात्री वादळ चालतं. ते निवल्यावर उतनपिश्तिम झरोका उघडतो, त्याच्या गालावर ऊन पडतं, तो मटकन खाली बसून रडतो. बाहेर सगळी माणसं पुन्हा माती झालेली, आणि जमीन धाब्यासारखी सपाट. त्या मातीत तो नावाडीही असणार. सातबारा नावावर चढला आणि त्याच पहाटे शिवार बुडालं, असा हा व्यवहार.

खटकतं ते हे की कवीने त्याचं नाव दिलंय. नौका बांधायला अख्खं शुरुप्पक शहर राबतं. सुतार तासणी घेऊन येतो, बोरूचं काम करणारा आपला दगड घेऊन, म्हातारे खजुरीच्या काथ्याचे दोर वाहतात, श्रीमंत डांबर उचलतो, गरीब लागेल ते आणून देतो. रोज बैल आणि मेंढ्या कापल्या जातात, मद्य नदीच्या पाण्यासारखं वाहतं, जणू नववर्षाचा सण. या गर्दीत कुणालाच नाव नाही. नाव मिळतं ते फक्त शेवटचं दार लिंपणाऱ्याला. पुझुर म्हणजे आसरा. त्यापुढची चिन्हं ‘मोठा डोंगर’ अशी लिहिलेली आहेत. कुणी ती अमुर्री वाचतं, कुणी एन्लिल, म्हणजे देवांचा राजा. एन्लिल वाचलं तर तो ‘एन्लिलच्या आसऱ्याचा’ माणूस ठरतो, आणि पूर धाडला तो एन्लिलनेच. हे वाचन खरं असेल तर कवी फार निर्दय होता, किंवा फार हुशार.

पूरकथांची तुलना करताना बहुतेक जण ढोबळ खुणा शेजारीशेजारी मांडतात : देवाचा राग, एक भला माणूस, एक नौका, जनावरं, शेवटी डोंगर. त्यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. नदीकाठच्या कुठल्याही गावाला पूर ठाऊक असतो, आणि पुरातून वाचायचं तर तरंगावं लागतं नाहीतर उंचावर चढावं लागतं. तुलना करायचीच तर अशा तपशिलांची करावी, जे वगळले असते तरी गोष्ट अडली नसती. माझ्या मते त्यातला सगळ्यात बोलका तपशील डांबराचा आहे.

उतनपिश्तिम हिशेब चोख देतो. भट्टीत ओतलेलं कच्चं डांबर तीन शार, आत वापरलेलं डांबर आणखी तीन शार, हमालांनी वाहून आणलेलं तेल तीन शार. त्यातलं एक शार विधीत खर्च झालं, दोन नावाड्याने साठवून ठेवलं. शार म्हणजे ३६००. कशाचे ३६००, हे ओळीत नाही. सुतू हे धान्या-तेलाचं माप धरलं, साधारण आठ ते दहा लिटरचं, तर तीन शार म्हणजे नव्वद हजार ते लाखभर लिटर होतात. इराकात युफ्रेटिसच्या काठी हीत गावाजवळ डांबर जमिनीतून आपोआप झिरपतं, त्यामुळे मालाची ददात नव्हती. कष्ट होते ते ते वापरण्याचे. नुसतं डांबर उन्हात ओघळतं आणि गारठ्यात तडकतं. म्हणून त्यात चिरलेला भुसा, बारीक माती असलं काहीतरी मिसळून ते घट्ट करावं लागतं. गरम असतानाच चोपडावं लागतं, निवलं की हाताला दाद देत नाही. आणि मुख्य गोष्ट अशी : आतला लेप कितीही जाड द्या, फटीतून आत घुसणारं पाणी त्याला आतून ढकलत सुटं करत राहतं. बाहेरच्या लेपाचं उलट असतं, पाण्याचा दाबच त्याला फटीत दाबून बसवतो. म्हणून नौकेचा खरा जीव बाहेरच्या लेपात.

आता दाराचं बघा. माणसं, जनावरं, धान्य, सोनंचांदी सगळं आत गेलं. दार ओढून घेतलं. आतून चौकटीवर डांबर चोपडता येईल. बाहेरून कोण चोपडणार?

जो कुणी चोपडेल तो बाहेर राहील.

ही अडचण बॅबिलोनी कवींना नीट कळलेली होती. गिल्गमेशच्या या पाटीहून कित्येक शतकं जुन्या अत्रहसीस काव्याची प्रत बॅबिलोनचा राजा अम्मीसदुका याच्या काळात, इसवी सनापूर्वी सतराव्या शतकात, लिहिली गेली. तिथे पुराचा नायक अत्रहसीस आपल्या माणसांना जेवायला बोलावतो. घरचे नौकेत चढतात, खाणारे खातात, पिणारे पितात. तो मात्र आत-बाहेर करत राहतो. त्याला बसवत नाही, उकिडवंही राहवत नाही, काळीज फुटलेलं, आणि तो पित्त ओकतो. काय होणार हे त्या मेजवानीत त्याला एकट्यालाच माहीत आहे. मग आभाळाचा रंग बदलतो, अदाद गरजतो, आणि कवी म्हणतो : त्याच्यासाठी डांबर आणलं गेलं, त्याने दार बंद केलं. ‘आणलं गेलं.’ आणणाऱ्या हाताला इथे नाव नाही, चेहरा नाही. दार बंद झाल्यावर तो दोर कापून नौका सोडून देतो. गिल्गमेशच्या कवीने हे जुनं काव्य समोर ठेवून आपली अकरावी पाटी रचली, बरंचसं जसंच्या तसं उचललं. पण पित्त ओकणारा अत्रहसीस त्याने गाळला आणि डांबर आणणाऱ्या हाताला नाव आणि राजवाडा दिला. नायकाच्या पोटातली कळ काढून घेतली आणि तिची किंमत राजवाड्यात चुकवली, असं मला वाटत आलंय.

बाकी फसवणूक दोन्हीकडे आहे. लोकांना काय सांगू, असं उतनपिश्तिम विचारतो तेव्हा त्याचा कैवारी देव एआ त्याला पढवून ठेवतो : म्हणावं, एन्लिलची माझ्यावर खप्पा मर्जी झालीय, मी खाली एआकडे राहायला जातोय, तुमच्यावर मात्र समृद्धीचा वर्षाव होईल, पाखरं येतील, मासे येतील, सकाळी पोळ्यांचा आणि संध्याकाळी गव्हाचा पाऊस पडेल. मूळ शब्दांत श्लेष आहे असं मानतात. ऐकणाऱ्याला सुगी ऐकू येते, जाणत्याला संकट. ती डांबराची ओझी या आशेवर वाहिली गेली.

हे सगळं आज आपल्याला सलग वाचायला मिळतं ही नवलाचीच गोष्ट. जॉर्ज स्मिथ हा नोटा छापण्याच्या कामात कोरीवकाम शिकलेला कारागीर, ब्रिटिश म्युझियममध्ये प्राचीन असिरियातल्या निनवे शहराच्या फुटक्या पाट्या लावत बसायचा. १८७२ मध्ये त्याला डोंगरावर टेकलेलं गलबत आणि परत फिरलेलं कबूतर सापडलं, आणि त्याच वर्षी ३ डिसेंबरला त्याने ते भर सभेत वाचलं. श्रोत्यांत पंतप्रधान ग्लॅडस्टन होते. मधला तुकडा हरवलेला होता. एका वर्तमानपत्राने हजार गिनी दिल्या, स्मिथ निनवेला गेला, आणि १८७३ मध्ये त्या उकिरड्यागत ढिगाऱ्यातून त्याने पुराचाच तुकडा उचलला. अशा नशिबाला काय म्हणावं! पण तो तुकडा या पाटीचा नव्हताच. अत्रहसीस काव्याचा होता. हे पुढे उलगडलं. दोन वेगळ्या काव्यांचे तुकडे एका गोष्टीत चिकटवण्याची चूक तेव्हापासून होत आलीय. त्या तुकड्यातली एक ओळ मात्र मोलाची आहे. नौका बांध म्हणणाऱ्या देवाला माणूस सांगतो : मी आजवर कधी नौका बांधलेली नाही, जमिनीवर आकृती काढून दे, ती बघून बांधतो.

ती आकृती गोल होती असं बॅबिलोनी पाट्यांचे अभ्यासक आयर्विंग फिंकेल यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका पाटीवरून दिसतं. पाटी तळहातात मावेल एवढी, साठ ओळींची, इसवी सनापूर्वी १९०० ते १७०० मधली. देव सांगतो, वर्तुळ आख, लांबी-रुंदी सारखी ठेव. तळाचं क्षेत्रफळ एक इकू, म्हणजे ३६०० चौरस मीटर. व्यास सुमारे ६८ मीटर पडतो. भिंती एक निंदान उंच, म्हणजे सहा मीटर. खजुरीच्या काथ्याचा दोर गुंडाळत टोपलीसारखी वीण घालायची. दोर किती लागेल तर १४,४३० सुतू. फिंकेल यांच्या हिशेबाने तो सरळ पसरला तर पाचशे किलोमीटरच्या पुढे जातो. आत ३० बरगड्या. डांबर बाहेरून एक बोट जाड, आतून एक बोट जाड. टोपलीसारख्या अशा गोल होड्या इराकात विसाव्या शतकापर्यंत चालत होत्या. आपल्याकडे कृष्णा-पंचगंगेच्या काठावर पूर आला की गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडून माणसं पलीकडे नेतात, त्यांना या आकाराचा गुण वेगळा सांगायला नको. काहिलीला नाळ नाही, दिशा नाही, ती जागच्या जागी गिरकी घेते. पण सहजासहजी कलंडत नाही. पुरातल्या नौकेला कुठे जायचंच नसतं, नुसतं तरंगायचं असतं, हे ज्याने गोल आकार निवडला त्याला कळलं होतं. गिल्गमेशमधली नौका मात्र चौकोनी खोका झाली : बाजू १२० हात, उंचीही १२० हात, सहा मजले चढवून सात थर. ‘लांबी-रुंदी सारखी’ एवढं कानावर राहिलं आणि वर्तुळ निसटलं. साठ मीटरचा तो ठोकळा पाण्यात सोडताना मारामार झाली, हे कवी प्रामाणिकपणे सांगतो. घसरणीचे ओंडके मागून काढून पुढे टाकत टाकत दोन-तृतीयांश नौका पाण्यात गेली.

या साठ ओळींच्या पाटीवरून पुढे केरळात लहान प्रमाणावर एक गोल नौका बांधून पाहिली गेली. ती तरंगली, पण पाझरत राहिली, पंप लावून पाणी उपसावं लागलं. कारण काय, तर मिळालेलं डांबर हवं तसं नव्हतं. वीण चुकली नाही, बरगड्या चुकल्या नाहीत. पुन्हा डांबरापाशीच गाडी अडली.

आणि पाटीची शेवटची आज्ञा कोणती? मी आत गेलो की दाराची चौकट लिंपून घे. ऐकणारा अर्थातच बाहेर उभा आहे.

आता नोहाकडे यावं. बायबलमधल्या उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात देव सांगतो, तारू बांध, लांबी ३०० हात, रुंदी ५०, उंची ३०, तीन मजले, दार बाजूला. हात ४५ सेंटिमीटरचा धरला तर १३५ मीटर लांब आणि साडेबावीस मीटर रुंद. आता तळ गुणून पाहा : ३०० गुणिले ५० म्हणजे १५,००० चौरस हात. बॅबिलोनी इकू १२० गुणिले १२०, म्हणजे १४,४००. आकार पार बदलला तरी तळाची जागा जवळपास तेवढीच राहिली. मग देव म्हणतो, आतून आणि बाहेरून डांबर लाव. डांबरासाठी इथे आलेला हिब्रू शब्द ‘कोफेर’ या अर्थाने अख्ख्या बायबलमध्ये फक्त इथेच येतो. बाबेलच्या बुरुजाच्या विटा सांधताना आणि मोशेची पेटी लिंपताना वेगळा शब्द आहे. आणि बॅबिलोनी काव्यांच्या अक्कादी भाषेत, अत्रहसीससाठी ‘आणलं गेलं’ ते डांबर? ‘कुप्रू’. तुलना करणाऱ्याने अशा ठिकाणी थांबावं. पूर सगळीकडे येतो, पण डांबरासाठी स्वतःचा वेगळा शब्द असलेल्या भाषेतल्या गोष्टीत डांबराचा परका शब्द चिकटून आला, तर नौका कुठल्या नदीवरून वाहत आली हे वेगळं विचारायला नको.

आतून आणि बाहेरून. मग नोहाचं दार?

सातव्या अध्यायातला सोळावा चरण. सगळे प्राणी जोडीजोडीने, देवाने आज्ञा केली तसे, आत गेले; मग परमेश्वराने त्याला आत बंद केलं. एकाच चरणात आधी ‘देव’, मग ‘परमेश्वर’. मराठी भाषांतरानेही हा फरक सांभाळलाय, आणि तो नुसता शब्दपालट नाही. ज्याँ आस्त्रुक या फ्रेंच वैद्याने १७५३ मध्ये या दोन नावांच्या धाग्याने उत्पत्तीतले दोन पदर उसवून दाखवले. एका पदरात प्रत्येक प्राण्याची एक जोडी, दुसऱ्यात शुद्ध प्राण्यांच्या सात-सात. एकात पाणी १५० दिवस चढलेलं, दुसऱ्यात पाऊस ४० दिवस. मापं आणि डांबर सांगणारा लेखक वेगळा, दार लावणारा वेगळा, आणि दोघांची शिवण नेमकी दारावर पडलीय. संपादकाने ते मुद्दाम केलं नसेल. पण दार परमेश्वराने स्वतः लावलं असं म्हणणाऱ्या लेखकाने एका फटक्यात पुझुर-अमुर्रीला कथेतून मोकळं केलं, हे मात्र खरं. देव बाहेर राहिला तर बुडत नाही. शिवाय नोहाच्या गोष्टीत बाहेरच्या कुणालाही नाव नाही, तोंडात एक वाक्य नाही. कुणी दार ठोठावलं का, हे तिथे विचारायची सोयच ठेवलेली नाही.

पाखरांचंही जाता जाता सांगायला हवं, कारण तिथे उलट धडा मिळतो. उतनपिश्तिम आधी कबूतर सोडतो, मग पाकोळी, शेवटी डोमकावळा. पहिली दोन परत येतात; डोमकावळ्याला खायला मिळतं, तो येत नाही. हा क्रम शहाणपणाचा आहे : न परतणारा पक्षी शेवटी हवा, कारण त्याचं न येणं हीच बातमी. नोहा डोमकावळा आधी सोडतो आणि तो इकडेतिकडे फिरत राहतो, त्यातून काही कळत नाही. मग कबूतर तीनदा सोडून, जैतुनाच्या पानावरून, काम भागवावं लागतं. इतका साम्याचा तपशील म्हटल्यावर कुणालाही वाटेल की पक्षी आला की उसनवारी आली. पण पाली दीघनिकायातल्या केवट्टसुत्तात बुद्ध सांगतात, समुद्रावर जाणारे व्यापारी किनारा हेरणारा पक्षी गलबतात घेऊन निघत. किनारा दिसला तर तो तिकडे जाई, नाहीतर परत येई. म्हणजे ही खलाशांची रोजची रीत होती. आणि ही रीत ज्या देशात माहीत होती, तिथल्या मनूच्या गोष्टीत पक्षी नाहीच.

मनूच्या गोष्टीत डांबरही नाही. दारही नाही. शतपथ ब्राह्मणात ती इडा नावाच्या आहुतीचा उगम सांगताना येते, आणि सुरू होते ती सकाळच्या हात धुण्यापासून. ओंजळीत एक मासा येतो. म्हणतो, मला सांभाळ, मी तुला पार नेईन. कशापासून? पूर या सगळ्या प्रजा वाहून नेईल. का नेईल, कुणाचा राग, कुणाचं पाप, काही नाही. मासा फार व्यवहारी आहे : लहान असताना आम्हाला धोका फार, मासाच माशाला गिळतो, आधी घागरीत ठेव, मावेनासा झालो की खड्ड्यात, मग समुद्रात. पूर येतो, मनू नौकेत चढतो, मासा जवळ येतो, मनू त्याच्या शिंगाला दोर बांधतो आणि उत्तरेच्या पर्वतापर्यंत ओढला जातो. तिथे मासा सांगतो, नौका झाडाला बांध, पण डोंगरावर असताना पाण्यापासून तुटू नकोस. पाणी उतरेल तसतसा उतर. मनू तसाच पाण्यामागे पावलापावलाने उतरतो, आणि त्या उताराला ‘मनोरवसर्पण’ नाव पडतं. पुरानंतरची ही एवढी बारीक सूचना दुसऱ्या कुठल्या कथेत वाचल्याचं आठवत नाही. पूर पाहिलेल्याला ती पटेल : चढत्या पाण्यापेक्षा ओसरतं पाणी जास्त दगा देतं. मग मनू एकटा उरतो. शब्दच आहे, एकटा. तूप, दही, निवळी आणि आमिक्षा, म्हणजे फाटलेल्या दुधाचा चोथा, पाण्यात अर्पण करतो, वर्षाने त्यातून एक स्त्री वर येते, ती इडा.

महाभारतात, वनपर्वात, मार्कंडेय ही गोष्ट युधिष्ठिराला सांगतात तेव्हा सामान वाढलेलं असतं. सप्तर्षी येतात, सगळी बीजं येतात, नौका झिंगलेल्या बाईसारखी डोलते, शेवटी हिमालयाच्या शिखराला बांधली जाते, ते नौबंधन. पुढे भागवतात दोराच्या जागी वासुकी येतो. पण नौका कशी बांधावी, तर मासा एवढंच म्हणतो : भक्कम बांध आणि दोर जोडून ठेव. सगळी भीती दोराच्या एका गाठीत. मेसोपोटेमियात मरण फटीतून आत येतं. इथे गाठ सुटली की संपलं. म्हणून तिकडे लिंपणारा लागतो, इकडे ओढणारा. इकडचा ओढणारा स्वतः पाण्यातलाच असल्यामुळे बाहेर राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही. पुझुर-अमुर्रीचा प्रश्न मनूच्या गोष्टीला पडूच शकत नाही. पण बाहेर किती जण राहिले, याचा उल्लेखही ‘सगळ्या प्रजा’ या दोन शब्दांत आटोपतो, हे मला नोहाच्या बंद दारापेक्षा सौम्य वाटत नाही.

दार नसूनही बाहेरच्या माणसाकडे टक लावून पाहणारी कथा कुराणातली. सूरह हूदमध्ये पुराची खूण म्हणजे तंदूर उसळतो. चूल ओली होणं ही घरातली शेवटची गोष्ट; त्या एका शब्दाने अंगावर काटा येतो. नौका डोंगरासारख्या लाटांतून चालू लागते आणि नूह बाजूला राहिलेल्या मुलाला हाक मारतो, ये, आमच्याबरोबर चढ. मुलगा म्हणतो, मी डोंगरावर जातो, तो मला पाण्यापासून वाचवेल. बोलणं चालू असतानाच दोघांच्या मधे लाट येते. कुणी दार लावत नाही, पाणीच मधे पडतं. नंतर नूह म्हणतो, माझा मुलगा माझ्याच घरचा होता. उत्तर येतं, तो तुझ्या घरचा नव्हे. नौकेचं वर्णन दुसऱ्या सूरहमध्ये दोन शब्दांत उरकलंय : फळ्या आणि खिळे. डांबर नाही. कारागिरीत या कथेला रस नाही, तिचं सगळं लक्ष त्या काठावर उभ्या असलेल्या मुलावर.

पारशांच्या वेंदिदाद या धर्मग्रंथात पूर नसून जीवघेणा हिवाळा येतो. यिमा राजा जमिनीत ‘वर’ नावाचा कोट बांधतो, उत्तमोत्तम बीजं आत नेतो, व्यंग असलेल्यांना नेत नाही, आणि सोन्याच्या कडीने तो मोहोरबंद करतो. चीनची गोष्ट तर नौकेशिवायची. तिथे गुन बंधारे घालतो आणि हरतो. त्याचा मुलगा यू पाट खोदून पाणी समुद्राकडे काढून देतो. हे काम तत्त्वज्ञ मेन्शियस आठ वर्षांचं म्हणतो, इतिहासकार सिमा छ्येन तेरा. त्या काळात तीनदा तो स्वतःच्या घरावरून जातो आणि आत पाऊल टाकत नाही. इतक्या कथांत हा एकच नायक दाराच्या बाहेर राहिलेला.

पुझुर-अमुर्रीकडे परत यायचं तर एक कबुली द्यावी लागते. तो बाहेरच होता असं इतका वेळ धरून चाललो, पण जुन्या अभ्यासकांतल्या काहींनी ती ओळ वेगळी वाचली होती. ‘एकल्लु’ म्हणजे मोठं घर, राजवाडा. पण सहा मजले चढवलेली ती नौकाच मोठं घर नव्हे का? मग ओळीचा अर्थ होतो : दार बंद झाल्यावर मोठं घर, आतल्या मालासकट, नावाड्याच्या हवाली केलं. म्हणजे वल्ही त्याच्या हाती दिली, आणि तो आत. आजचे बहुतेक भाषांतरकार राजवाड्याच्या बाजूचे आहेत, आणि मलाही तेच वाचन पटतं, कारण लिंपून बंद करणे असा एकच धातू दोन्ही ओळींत लागोपाठ येतो : उतनपिश्तिमने आतून, याने बाहेरून. वाचलेल्यांच्या यादीत उतनपिश्तिम सगळे नातलग मोजतो, रानातली जनावरं मोजतो, प्रत्येक कलेचे कारागीरही आत घेतल्याचं सांगतो. त्या कारागिरांत हा एक असता तर राजवाडा द्यायची गरज काय होती?

तरी बेरोसस आहे. मार्दुक देवाचा हा बॅबिलोनी पुजारी, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ग्रीकांसाठी ग्रीकमध्ये लिहिणारा. त्याचा ग्रंथ हरवला, दुसऱ्यांनी दिलेले उतारे उरले. त्याच्या कथेत नौका डोंगराला लागल्यावर राजा झिसुथ्रोस तिघांनिशी उतरतो : बायको, मुलगी आणि नावाडी. मातीला नमस्कार करतात, देवांना बळी देतात आणि दिसेनासे होतात. मागे राहिलेले नौकेतून उतरून त्याला हाका मारतात, तेव्हा हवेतून आवाज येतो की तो देवांमध्ये राहायला गेला, आणि तोच मान बायको, मुलगी आणि नावाड्यालाही मिळाला. दीडेक हजार वर्षं डांबर चोपडून झाल्यावर कुणीतरी त्याला आत घेतलं होतं. जुनी एखादी परंपरा बेरोससला ठाऊक होती, की त्यालाही ती ओळ खुपली, कोण जाणे.

तोच बेरोसस सांगतो की नौकेचा काही भाग त्याच्या काळीही आर्मेनियाच्या गोर्द्यायी डोंगरांत शिल्लक होता, आणि लोक तिथे जाऊन तिचं डांबर खरवडून आणत, बाधा होऊ नये म्हणून ताईत करून बाळगत. नौकेचं खरंखोटं सोडा; डांबर खरवडणं अगदी खरं आहे. कुवेतमध्ये अस-साबियाला सात हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत डांबराच्या अशा खपल्या सापडल्यात, एका अंगाला बोरूच्या जुड्यांचे वळ, दुसऱ्या अंगाला समुद्रातले शंखकीटक चिकटलेले. नौका मोडली की खपल्या काढून ठेवायच्या, वितळवून पुढच्या नौकेला लावायच्या. बोरूचा वळ असलेली बाजू आतली, कीटक असलेली पाण्याकडची. डोंगरावरच्या लोकांनी गळ्यात बांधलेल्या तुकड्यांतही दोन बाजू असणार, एखादा दाराच्या चौकटीवरचाही असेल, आणि त्याच्या बाहेरच्या अंगावर कुणाच्या तरी बोटांनी घाईघाईने दाबल्याच्या खुणा.